शाळानिवड, बेळगाव सीमाभागातील

मुलाने कोणत्या शाळेत आणि कोणत्या माध्यमातून शिकावे हे पालकाने ठरवायचे, संस्थेने की राज्याने, याविषयी बेळगाव जिल्हा व त्याला लागून असलेल्या मराठीभाषक पट्ट्यात चालत आलेला वाद आणि त्यातून घडलेले धोरण. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ असे आहे. मराठी लेखनात जुने नाव रूढ असल्याने येथे तेच वापरले आहे. ‘सीमाभाग’ या शब्दाची व्याप्ती निश्चित नाही. महाराष्ट्र शासनाच्या व्यवहारात ८६५ गावांचा उल्लेख येतो, अन्यत्र ८१४ गावे आणि बेळगाव, कारवार, निपाणी ही शहरे अशी मोजणी आढळते. प्रस्तुत नोंद मुख्यतः बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी या तालुक्यांपुरती आहे. शालेय प्रशासनाच्या दृष्टीने हा महसुली जिल्हा बेळगाव व चिकोडी अशा दोन शैक्षणिक जिल्ह्यांत विभागलेला आहे.

संज्ञेचे मूळ : शाळानिवडीची आधुनिक कल्पना सामान्यतः मिल्टन फ्रीडमन यांच्या १९५५ च्या निबंधापासून धरली जाते. सरकारने शाळा चालवण्याऐवजी पालकाच्या हाती शुल्कपत्र (व्हाउचर) द्यावे आणि शाळा त्याने निवडावी, असे त्यांचे म्हणणे होते. चिलीत १९८१ पासून, अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९० पासून आणि स्वीडनमध्ये १९९२ पासून या कल्पनेला निरनिराळी रूपे मिळाली. काही अभ्यासक तिचे मूळ आणखी मागे, जॉन स्टुअर्ट मिल यांच्या १८५९ मधील विवेचनात शोधतात. राज्याने शिक्षण सक्तीचे करावे, गरिबांची फी भरावी, पण शिक्षण कोठे घ्यावे हे पालकावर सोडावे, असे मिल यांनी सुचवले होते. दोन्ही वंशावळी आपापल्या जागी ठीक असल्या, तरी सीमाभागातील वादाला त्या फारशा लागू पडत नाहीत. येथे ‘निवड’ हा शब्द बाजारपेठेच्या विचारातून आलेला नसून भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणातून आला. त्याचा आरंभ ऑगस्ट १९४९ मधील प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. शाळेत एखाद्या भाषेची किमान ४० किंवा एका वर्गात किमान १० मुले असतील, तर त्यांच्यासाठी त्या भाषेचा शिक्षक नेमावा, असे या परिषदेने ठरवले. ‘चाळीस-दहा’चा हा निकष पुढे अल्पसंख्याकविषयक जवळजवळ प्रत्येक निवेदनात येत राहिला. पट घसरून शाळा बंद पडण्याची वेळ आली की याच आकड्यांचा आधार घेतला जातो.

पूर्वपीठिका : इंग्रजी अमदानीत बेळगाव, धारवाड व विजापूर हा मुलूख मुंबई इलाख्यात होता आणि कागदोपत्री ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणून ओळखला जाई. आरंभीच्या सरकारी शाळांत मराठीचे प्राबल्य होते याबद्दल दुमत नाही. ते का होते याबद्दल आहे. पेशवाईतील व पटवर्धनांसारख्या सरदारांच्या दप्तराची भाषा शाळेवर लादली गेली, असे कन्नड अभ्यासक सामान्यतः मानतात. मराठी लेखक पंतोजींच्या शाळांची परंपरा आणि स्थानिक लोकवस्ती यांच्याकडे बोट दाखवतात. धारवाड भागाबाबत पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. बेळगाव शहर व खानापूरच्या पश्चिम पट्ट्याबाबत मात्र दुसरे दुर्लक्षिता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षण खात्यातील रसेल आणि त्यांचे सहकारी ‘डेप्युटी’ चन्नबसप्पा (मृत्यू १८८१) यांच्या प्रयत्नांनी कन्नड शाळांचा व क्रमिक पुस्तकांचा विस्तार झाला. कर्नाटकात या घटनेकडे भाषिक पुनरुज्जीवन म्हणून पाहिले जाते. बेळगावातील बेनन स्मिथ हायस्कूलचे मूळ १८३२ मधील मिशनरी इंग्रजी शाळेत आहे, म्हणजे तिसरी भाषाही येथे नवी नाही. कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी (१९१६) आणि मराठीभाषकांच्या शिक्षणसंस्था यांच्यातील चढाओढीने शहराला भरपूर शाळा-महाविद्यालये मिळाली, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

राज्यपुनर्रचनेनंतर : १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हा अनुच्छेद आला. प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय राज्याने करावी, असे तो सांगतो. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे एक विभागीय कार्यालय अनेक वर्षे बेळगावातच होते. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावे असे सुचवले. महाराष्ट्राने ते नाकारले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. शाळेच्या प्रश्नावर या वादाची सावली सतत पडलेली आहे. मराठी शाळा हा मराठी वस्तीचा पुरावा मानला गेल्याने तिचा पट हा केवळ शैक्षणिक आकडा उरला नाही.

माध्यमाचा न्यायालयीन इतिहास : वि. कृ. गोकाक समितीने जानेवारी १९८१ मध्ये माध्यमिक स्तरावर कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी अशी शिफारस केली. अभिनेते राजकुमार यांच्या सहभागाने त्यासाठीचे आंदोलन राज्यभर पसरले आणि १९८२ मध्ये सरकारने आदेश काढले. अल्पसंख्याक संस्थांनी त्यांना आव्हान दिले व १९८९ मध्ये उच्च न्यायालयात त्यांचा सक्तीचा भाग टिकला नाही. जून १९८९ च्या सुधारित आदेशाने पहिली ते चौथी मातृभाषा हे माध्यम ठेवले आणि कन्नडेतरांसाठी तिसरीपासून कन्नड ऐच्छिक, विनापरीक्षा केले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९३ मध्ये हा आदेश उचलून धरला. त्यावर विसंबून राज्याने २९ एप्रिल १९९४ चा आदेश काढला. चौथीपर्यंत माध्यम मातृभाषा किंवा कन्नडच असेल, असे त्यात होते. खाजगी विनाअनुदानित शाळाही त्यात आल्या. खरा संघर्ष येथून सुरू झाला. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये हा आदेश विनाअनुदानित शाळांपुरता अमान्य केला आणि प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेले.

घटनापीठाच्या ६ मे २०१४ च्या निकालाचा एक मुद्दा सीमाभागासाठी विशेष महत्त्वाचा आहे : मातृभाषा कोणती हे कोणी ठरवायचे? मुलाला सहज वाटणारी भाषा ती मातृभाषा, असा युक्तिवाद राज्याच्या बाजूने झाला होता. घटनापीठाने तो स्वीकारला नाही. ३५०-अ मधील मातृभाषा म्हणजे त्या राज्यातील भाषिक अल्पसंख्याक गटाची भाषा, आणि आपल्या मुलाची ती कोणती हे पालक सांगेल तेच खरे, असे पीठाने म्हटले. या अनुच्छेदाने राज्यावर सोय करण्याची जबाबदारी येते, सक्ती करण्याचा अधिकार मिळत नाही; माध्यम निवडणे हा अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असेही निकालात आहे. काही भाष्यकारांच्या मते यामुळे मातृभाषा ही भाषावैज्ञानिक वस्तुस्थिती न राहता केवळ पालकाचे निवेदन ठरली. हा आक्षेप तर्कदृष्ट्या बिनतोड असला, तरी पर्याय म्हणून कोणा अधिकाऱ्याने घरची भाषा तपासायला बसावे हे सीमाभागात कोणत्याच पक्षाला परवडणारे नव्हते. योगायोग असा, की त्याच दिवशी त्याच पीठाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असाही निकाल दिला.

या विवेचनाचे व्यवहारातील रूप शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात दिसते. मे अखेरीस शाळा उघडल्या की मुख्याध्यापक पालकाला नाव, जात, जन्मतारीख विचारत ‘मातृभाषा’ या रकान्यापाशी येतात. पालक ‘मराठी’ म्हणतो, तसे लिहिले जाते. माध्यमाच्या रकान्यात त्याच हाताने ‘इंग्रजी’ किंवा ‘कन्नड’ लिहिले जाते आणि त्यात कोणालाच विसंगती वाटत नाही. यूडायस या शालेय माहितीच्या देशव्यापी संगणकीय प्रणालीतील विद्यार्थीनिहाय नोंदीतही हे दोन रकाने वेगळेच आहेत. पहिल्या रकान्याला पुढे किंमत येते : महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांत विवादित सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र वर्ग असतो आणि त्यासाठी मातृभाषेचे प्रमाणपत्र जोडावे लागते. दुसऱ्या रकान्याचीही किंमत आहे, पण ती बंगळूरच्या बाजूने : राज्याच्या नोकरभरतीत कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. घरोघरी हा हिशेब बारकाईने मांडला जातो. ‘सरकारी नोकरीला कन्नड पाहिजे’ आणि ‘पोरगं कॉन्व्हेंटला घातलंय’ ही दोन वाक्ये एकाच ओसरीवर ऐकू येतात. येथे ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे कोणतीही इंग्रजी माध्यमाची शाळा, मग ती चालवणारी संस्था मराठी असो वा कन्नड.

शिक्षणहक्क कायदा व २५ टक्के जागा : २००९ च्या कायद्यातील कलम १२(१)(क) हे भारतातील शुल्कपत्राचे सर्वांत जवळचे रूप मानले जाते. खाजगी शाळेतील पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांना आणि त्यांचा खर्च सरकारकडून, अशी ही योजना आहे. कर्नाटकाने ती २०१२-१३ पासून राबवली. पुढे जानेवारी २०१९ च्या नियमबदलाने परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तेथे खाजगी शाळेतील राखीव प्रवेश बंद झाला. उच्च न्यायालयाने हा बदल त्याच वर्षी वैध ठरवला. सरकारी शाळांचा पट वाचवणे हा उघड हेतू होता. सीमाभागाच्या दृष्टीने यात एक गोम आहे : नियमाचा कटाक्ष परिसरावर आहे, माध्यमावर नाही. गल्लीतली सरकारी शाळा कन्नड आणि मूल मराठी, अशा वेळी ‘शाळा उपलब्ध आहे’ या शब्दांचा अर्थ काय, हा प्रश्न कायद्याच्या चर्चेत क्वचितच आला.

संशोधन : भारतातील सर्वांत काटेकोर पुरावा आंध्र प्रदेशातील प्रयोगाचा आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी १८० गावांत चिठ्ठ्या टाकून शुल्कपत्रे वाटली व चार वर्षे मुलांची प्रगती मोजली (प्रसिद्धी २०१५). तेलुगू व गणितात शुल्कपत्र मिळालेली आणि न मिळालेली मुले सारखीच निघाली. हिंदीत मात्र मिळालेली बरीच पुढे होती. खाजगी शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळांच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होता आणि त्या तेलुगू-गणिताला कमी वेळ देत होत्या. निवडीचे पुरस्कर्ते यात काटकसर पाहतात, टीकाकार ‘शिकण्यात फरक नाही’ हे वाक्य उचलतात. दोघेही आपल्या सोयीची अर्धी बाजू वाचतात. सीमाभागासाठी बोधक भाग वेगळाच आहे. तेलुगू माध्यमाच्या खाजगी शाळेत गेलेल्यांची कामगिरी इंग्रजी माध्यमात गेलेल्यांपेक्षा बरी असल्याचे संकेत त्यात मिळाले. संशोधकांनी हा निष्कर्ष सावधपणे मांडला आहे आणि तो तसाच घ्यावा. शिवाय आंध्रात घरची भाषा आणि राज्याची भाषा एकच होती. बेळगावात एका मुलाच्या पाठीवर तीन भाषा असतात आणि खाजगी विरुद्ध सरकारी या जोडीत हा तिढा बसत नाही.

शाळेतील भाषाव्यवस्था : कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ मराठीसह सात माध्यमांची पुस्तके छापतो. मराठी माध्यमाचा मुलगा दहावीला मराठी ही १२५ गुणांची प्रथम भाषा घेतो, इंग्रजी व कन्नड प्रत्येकी १०० गुणांच्या. इतिहास-विज्ञानाची पुस्तके बहुधा राज्य अभ्यासक्रमाची भाषांतरे असतात. त्यांची मराठी महाराष्ट्राच्या ‘बालभारती’ पाठ्यपुस्तकांच्या मराठीपेक्षा वेगळी पडते आणि अकरावीला कोल्हापुरास जाणाऱ्या मुलाला ते पहिल्या आठवड्यातच जाणवते. कन्नड शिक्षणासंबंधीच्या २०१५ च्या अधिनियमाने कन्नड हा विषय सर्व शाळांत टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये मराठीबाबत तसाच कायदा केला आहे, आणि जत व अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड शाळांचे पालक तेथे बेळगावच्या मराठी पालकांसारखेच युक्तिवाद करतात. बेळगावात लिहिल्या जाणाऱ्या मराठी लेखनात याचा उल्लेख अभावानेच होतो.

अलीकडील धोरण : २०१९-२० मध्ये राज्याने सुमारे १,००० सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले, कन्नड साहित्य परिषदेसह अनेक लेखकांनी विरोध केला. त्यानंतर पहिलीपूर्व वर्गापासून बारावीपर्यंत एकाच आवारात शिक्षण देणाऱ्या ‘कर्नाटक पब्लिक स्कूल’ची संख्या वाढवण्यावर भर आला. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषा हेच माध्यम असावे व दोन भाषांचे सूत्र असावे अशी शिफारस केली. २०१४ चा निकाल कायम असताना ती खाजगी शाळांना कशी लागू करायची, हा प्रश्न त्यातून पुन्हा उभा राहतो.

खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात ओढे भरले की दोनशिक्षकी मराठी शाळा हीच एकमेव शाळा असते, आणि तेथे निवडीचा प्रश्न उद्भवत नाही. रस्ता झालेल्या गावांत सकाळी पिवळी बस पाराजवळ थांबते. शाळा सुधारणा समितीचे सदस्य पट टिकवण्यासाठी घरोघर फिरतात तेव्हा त्यांना पहिला प्रश्न बहुधा हाच विचारला जातो, की तुमचा नातू कुठल्या बसने जातो.