पार्श्वभूमी : लहान मुलांच्या घरातला कुत्रा आणि २३ जातींची यादी

महाराष्ट्रात कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण उंबऱ्याच्या आत तो अलीकडे आला. धनगरांच्या वाड्यावर, खळ्यावर, वाड्याच्या दिंडीदरवाज्याशी त्याची जागा ठरलेली असे. लातूर-सोलापूरपासून कर्नाटकातल्या मुधोळपर्यंतच्या पट्ट्यात सशाच्या शिकारीसाठी कारवानी, म्हणजेच मुधोळ जातीचे कुत्रे पाळत. राखणीचा कुत्रा अंगणात आणि रांगतं मूल माजघरात, त्यामुळे दोघांचा सहवास मोजकाच. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो फ्लॅटमध्ये. तिथे कुत्र्याची गादी, मुलाची चटई आणि जेवणाचं ताट अशा तिन्ही गोष्टी एकाच खोलीत येतात.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत शहरांत जातींच्या लाटा आल्या. पॉमेरेनियन म्हणून घरोघरी आलेला पांढरा कुत्रा बहुतांशी इंडियन स्पिट्झ होता. मग लॅब्रॅडॉर, २००३च्या एका मोबाइल जाहिरातीनंतर पग, पुढे बीगल आणि हस्की. ऑगस्ट २०२०मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी जाती पाळायचं आवाहन केलं आणि मुधोळची विचारणा वाढली. मागणी वाढली की पिल्लं आईपासून लवकर तोडली जातात, हे दर वेळी घडलं. ३०-३५ दिवसांचं पिल्लू सर्वांत गोंडस दिसतं आणि त्याच सुमारास त्याच्या खाण्याचा खर्च विकणाऱ्यावर पडू लागतो. भाव ठरतो ‘हेवी बोन’ (जाड हाडाचं) आणि ‘पेपरवालं’ (नोंदणीचे कागद असलेलं) या शब्दांवर. पिल्लाची आई माणसांत कशी वागते, हे विचारणारं गिऱ्हाईक विरळाच.

नेमकी तीच गोष्ट मुलांच्या घरासाठी सर्वांत महत्त्वाची होती. पाचव्या ते आठव्या आठवड्यात भावंडांशी झोंबताना पिल्लू दात किती दाबायचे ते शिकतं. जोरात चावलं की भावंड किंचाळतं, खेळ थांबतो, आई झटकून टाकते. हा धडा न घेता आलेलं पिल्लू मुलाच्या हाताला पूर्ण जोराने दात लावतं आणि घरचे म्हणतात, जातच खराब. २०१७ साली केंद्राने कुत्र्यांच्या पैदास-विक्रीचे नियम केले. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आणि ब्रीडरला नोंदणी सक्तीची झाली. अंमलबजावणी तोकडी राहिली, तरी मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने पुढच्या कुठल्याही बंदीपेक्षा हा नियम मोलाचा होता. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

चर्चा झाली ती बंदी घालायच्या २३ जातींच्या यादीची. जुलै २०२२मध्ये लखनौत एका वृद्ध महिलेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी उत्तरेतल्या काही महापालिकांनी पिटबुल, रॉटवायलर यांसारख्या जाती पाळायला मनाई केली. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२३मध्ये न्यायालयाने केंद्राला तीन महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितलं आणि १२ मार्च २०२४ला संबंधित खात्याचं पत्र राज्यांच्या मुख्य सचिवांकडे गेलं. २३ जाती आणि त्यांचे संकर यांची आयात, पैदास व विक्री थांबवावी, नवे परवाने देऊ नयेत, आधीपासून घरात असलेल्यांची नसबंदी करावी, असा त्याचा आशय होता.

ही यादी वाचताना जाणकार गोंधळले. तोसा इनू आणि जपानी तोसा ही एकाच कुत्र्याची दोन नावं तिच्यात वेगवेगळी आहेत. बोअरबोएल एकदा स्वतंत्र आला आहे आणि पुन्हा मास्टिफच्या कंसातही. ‘टेरियर्स’ ही तर एक जातच नव्हे. तो डझनावारी जातींचा गट असून त्यात तीन किलोचा यॉर्कशायर टेरियर आणि जॅक रसेलही येतो. उलट, राखणीसाठी भारतात सर्रास पाळले जाणारे जर्मन शेफर्ड आणि डोबरमन यादीत नाहीत. तोर्नयाक, शारप्लानिनाच, अकबाश ही नावं आहेत, पण हे कुत्रे इथल्या बहुतेक पशुवैद्यांनी पाहिलेलेही नसतील. संकरही धरायचे म्हटल्यावर ते ओळखायचे कोणी, हा प्रश्न उरतोच. डोळ्यांनी ठरवलेली मिश्र कुत्र्याची जात डीएनए चाचणीत अनेकदा चुकीची निघते.

एप्रिल २०२४मध्ये आधी कर्नाटकच्या आणि मग दिल्लीच्या उच्च न्यायालयाने हे पत्र रद्द ठरवलं. दोन्हीकडे मुख्य आक्षेप प्रक्रियेवर होता, कारण ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं न ऐकताच निर्णय झाला होता. मग केंद्राने हरकती व सूचना मागवल्या. या जाती मुलांसाठी सुरक्षित आहेत, असं कोणत्याही न्यायालयाने म्हटलेलं नाही. समाजमाध्यमांवर निकालाचा तसा अर्थ लावला गेला, तो चुकीचा आहे. गोव्यात २०२४मध्ये पिटबुलने एका लहान मुलाचा जीव घेतल्यावर २०२५ साली विधानसभेने आक्रमक जातींना मनाई करता येईल असं विधेयक मंजूर केलं.

यादीच्या बाजूचा युक्तिवाद क्षुल्लक नाही. सगळेच कुत्रे चावू शकतात, पण ४० किलोच्या, धरलं की न सोडणाऱ्या कुत्र्याचा एक चावा आणि स्पिट्झचा एक चावा यांत टाके आणि मृत्यू यांचं अंतर असतं. चार वर्षांखालचं मूल घरात असेल तर असा कुत्रा आणू नये, हे यादी असो-नसो, स्पष्ट सांगायला हवं. अडचण उरलेल्या कुत्र्यांची आहे. यादीत नसलेला कुत्रा आपोआप ‘फॅमिली डॉग’ ठरतो. इंग्लंडमध्ये १९९१च्या कायद्याने चार प्रकारांवर बंदी आली. २०२३च्या अखेरीस एक्सएल बुली पाचवा ठरला, कारण यादीबाहेरचा हा दणकट कुत्रा मधल्या काळात तिथे पसरला होता. नेदरलँड्सने पिटबुलबंदी १९९३मध्ये आणली आणि चावे कमी होत नाहीत हे पाहून सुमारे पंधरा वर्षांनी मागे घेतली. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो.

उरलेल्यात पहिल्या तीन महिन्यांचाही वाटा असतो. अमेरिकेत मेन राज्यातल्या एका प्रयोगशाळेत १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाच जातींची पिल्लं वाढवून पाहिली गेली. माणसांशी ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा, हे तिथे दिसलं. चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसांपासून दूर ठेवलेली पिल्लं पुढे माणसाळवणं अतिशय कठीण गेलं. हा निष्कर्ष १९६५पर्यंत पुस्तकात आला होता, पण घरापर्यंत पोचायला वेळ लागला आणि मध्येच पार्व्हो आडवा आला. पिल्लांचा जीव घेणारा हा विषाणू १९७८च्या सुमारास जगभर पसरला. त्यानंतर ‘लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर काढू नका’ हा सल्ला रूढ झाला. लशी सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, म्हणजे ओळखीचा सगळा काळ चार भिंतींत जातो. मूल नसलेल्या घरात असं वाढलेलं पिल्लू पुढे मूल पाहून बिचकतं आणि बिचकलेला कुत्रा चावतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या एका संघटनेने २००८मध्ये भूमिका घेतली, की पहिल्या लशीनंतर किमान सात दिवसांनी पिल्लाची बाहेरची ओळख सुरू करावी. आपल्याकडे यातला मधला मार्ग सोपा आहे : जिथे इतर कुत्रे शी-शू करतात तिथे पिल्लाला जमिनीवर ठेवायचं नाही, पण कडेवर घेऊन रोज हिंडवायचं. शाळा सुटतानाचा गलका, सायकल, कुकरची शिट्टी, रेनकोटातला माणूस हे सगळं दुरून दाखवायचं आणि प्रत्येकासोबत खाऊचा एक कण द्यायचा.

शिकवणीचा इतिहास याहून कर्कश आहे. घरी येणारे ट्रेनर बरेचदा पोलीस किंवा लष्कराच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले असत. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), झटका, हुकूम ही त्यांची पद्धत प्रौढ कामकरी कुत्र्यांसाठी घडलेली होती. तिला ‘अल्फा’ कल्पनेचा, म्हणजे कळपात दमदाटीने वरचढ ठरणारा एक म्होरक्या असतो या समजुतीचा, आधार मिळाला. ती आली प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांच्या १९४७च्या निरीक्षणातून. तिचा प्रसार करणाऱ्या अमेरिकी लांडगा-अभ्यासकानेच १९९९मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि पिल्लं. भारतीय घरांत तिचं एक रूप अजून टिकून आहे : कुत्रा जेवत असताना त्याच्या भांड्यात हात घालायचा आणि मुलालाही घालायला लावायचा, म्हणजे म्हणे तो ‘ऐकून राहतो’. प्रत्यक्षात कुत्रा शिकतो ते एवढंच, की भांड्याजवळ हात आला म्हणजे अन्न जाणार. आज गुरगुरेल, गुरगुरण्यावर मार खाल्ला की उद्या न गुरगुरता चावेल. गुरगुर ही सूचना आहे आणि ती दाबून टाकण्याइतकं धोकादायक घरात काही नाही.

सध्या जाणकार जे सुचवतात ते थोडक्यात असं. भांड्याचा सराव मोठ्या माणसानेच करायचा. कुत्रा जेवत असताना दोन मीटरवरून जाताना उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा भांड्याच्या दिशेने टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. एका जेवणात पाच-सहा वेळा. कुत्रा मान वर करून शेपूट सैल हलवत वाट पाहू लागला, की अंतर अर्ध्या मीटरने कमी. मध्येच तो गोठला, भराभर गिळू लागला किंवा भांड्यावर डोकं आडवं धरलं, तर अंतर फार लवकर कमी केलं असं समजून मागे यायचं. मुलांनी भांड्याजवळ जायचंच नाही, सराव झाल्यावरसुद्धा.

दुसरा धडा ‘जागेवर’. ठरावीक सतरंजी घालायची, कुत्र्याचे चारही पाय तिच्यावर आले की तुकडा सतरंजीवरच ठेवायचा, हातातून द्यायचा नाही. तीन-चार मिनिटांचा सराव, दिवसातून तीनदा. आधी दोन सेकंद, मग पाच, मग दहा. वेळ वाढवताना अंतर वाढवायचं नाही आणि अंतर वाढवताना वेळ. दोन्ही एकदम ताणलं की कुत्रा उठतो आणि लोक ओरडतात, मग सतरंजीच नकोशी होते. शांत मिनिटभर जमलं की मूल खोलीत आणायचं, आधी बसलेलं, मग चालणारं. धावणारं मूल सर्वांत शेवटी. मुधोळसारख्या नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्यासाठी हा टप्पा आठवडेही घेतो.

मुलांची शिकवण तेवढीच गरजेची. झोपलेल्या, खाणाऱ्या किंवा पलंगाखाली गेलेल्या कुत्र्याकडे जायचं नाही. मिठी नाही, तोंडाला तोंड नाही. हात छातीच्या बाजूने फिरवायचा, तीन सेकंदांनी थांबायचं. कुत्रा अंगाला लागला तर पुढे चालू. त्याने तोंड फिरवलं, जांभई दिली, ओठ चाटले किंवा डोळ्याचा पांढरा भाग दिसला तर तिथेच बास. अंगावर आलाच तर पळायचं नाही : हात अंगाशी, नजर पायांकडे, झाडासारखं उभं. पाळीव कुत्र्यांकडून लहान मुलांना होणारे चावे बहुतेक ओळखीच्या कुत्र्यांचे असतात, घरात होतात आणि तोंडा-मानेवर होतात. म्हणून सहा-सात वर्षांखालचं मूल आणि कुत्रा एकटे ठेवायचे नाहीत. स्वयंपाकघरात जाताना दोघांपैकी एकाला सोबत न्यायचं किंवा दारात जाळीचं फाटक लावायचं.

निवड करताना पिल्लापेक्षा दोन वर्षांवरचा दत्तक कुत्रा अनेक घरांना बरा. देशी कुत्राही त्यात आला. त्याचा स्वभाव ठरलेला असतो, मुलांसमोर तो कसा वागतो ते दोन-तीन भेटींत दिसतं. लॅब्रॅडॉर पिल्लू दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत रांगत्या मुलाला धक्क्याने पाडत राहतं, हे विकणारा सांगत नाही. पिल्लूच हवं असेल तर त्याची आई पाहायला मागावी. ती अनोळखी माणसाजवळ शेपूट सैल ठेवून येत नसेल, किंवा ‘आई गावाला आहे’ असं उत्तर मिळालं, तर तिथून निघावं.

आणि चावा झालाच, अगदी घरच्या लस दिलेल्या कुत्र्याचा ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, ते तिथे उपलब्ध आहे का हे निघण्याआधी फोन करून विचारावं.