कॅम्प्टोथेसीन

कॅम्प्टोथेसीन हे दक्षिण चीनमधील ‘शी शू’ (कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा) या वृक्षात आढळणारे कर्करोगविरोधी अल्कलॉइड (वनस्पतींत तयार होणारे नायट्रोजनयुक्त द्रव्य) आहे. शी शू म्हणजे आनंदवृक्ष. चिनी लोकवैद्यकात हे झाड वापरले जाई, म्हणून औषधाचे श्रेयही सर्रास परंपरेला दिले जाते. ते फारसे खरे नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉर्टिसोन हे औषध बनवण्याजोगी स्टेरॉइडे कोणत्या वनस्पतींत मिळतात, याचा धांडोळा चालू होता. त्यासाठी काढलेले अर्क पुढे कर्करोगाच्या चाचणीला गेले आणि त्यांत शी शूचा अर्क उजवा ठरला. १९६६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी त्यातील कॅम्प्टोथेसीनची रचना प्रसिद्ध केली. वाणी मूळचे नंदुरबारचे. टॅक्सॉल या दुसऱ्या कर्करोगविरोधी औषधाचा शोधही याच जोडीचा.

कॅम्प्टोथेसीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून रुग्णांवरील पहिल्या चाचण्यांत त्याचा सोडियम क्षार वापरला गेला. पण क्षार करताना रेणूतील लॅक्टोन नावाचे अणूंचे कडे उघडते आणि गुण त्या कड्यातच असतो. औषधाचा जोर ओसरला, मूत्राशयाला मात्र गंभीर इजा होऊ लागली. १९७० च्या दशकात चाचण्या थांबल्या.

१९८५ मध्ये त्याचे लक्ष्य सापडले : टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम). डीएनएचा पीळ सैल करण्यासाठी हे विकर त्याचा एक धागा कापते व पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसीन कापलेल्या जागी अडकून बसते, जोडणी होऊ देत नाही. डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा तिथे येऊन धडकली की दोन्ही धागे तुटतात. भराभर विभागणाऱ्या पेशींना याचा फटका अधिक. त्यात आतड्याच्या अस्तराच्या निरोगी पेशीही येतात. पाण्यात विरघळणारी टोपोटेकॅन (अंडाशयाचा कर्करोग) व इरिनोटेकॅन (मोठ्या आतड्याचा कर्करोग) ही कॅम्प्टोथेसीनपासून साधलेली औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. इरिनोटेकॅनने होणारे तीव्र जुलाब डॉक्टरांना आजही सांभाळावे लागतात.

हेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्या या झाडातही आहे. या झाडाचे जुने शास्त्रीय नाव मॅपिया फीटिडा, म्हणजे दुर्गंधी मॅपिया. चिनी झाड आनंदाचे आणि आपले नरकाचे! १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी नरक्यातील कॅम्प्टोथेसीनची नोंद केली. त्यानंतर मागणी वाढली आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली.