पालींचे रात्रनिरीक्षण (मुंबई)

सूर्यास्तानंतर पालींची शिकार, हालचाल, आवाज आणि आपसातले वागणे त्यांना न पकडता पाहण्याची व टिपून ठेवण्याची पद्धत. मुंबईत यासाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (सुमारे १०४ चौ. किमी) आणि लगतचा आरे परिसर महत्त्वाचा. इथले रान मुख्यतः पानझडी आहे. सदाहरित वर्षावनातल्या पाली पाहायच्या तर मुंबईकर पावसाळ्यात आंबोलीसारख्या ठिकाणी जातात. निरीक्षणाची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच.

ही रीत पालीच्या डोळ्यांमुळे ठरते. तिची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी मिटते आणि अंधारात पूर्ण उघडते. बहुतेक पालींना पापण्या नसतात. डोळ्यावरचे पारदर्शक आवरण त्या जिभेने चाटून साफ ठेवतात, आणि हे दृश्य थोडा धीर धरला की हमखास पाहायला मिळते. हेल्मेट पाल या आफ्रिकेतल्या निशाचर जातीवरचा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाला रंग दिसेनासे होतात इतक्या मंद प्रकाशातही ती रंग ओळखते आणि त्या पातळीला तिची रंगदृष्टी आपल्यापेक्षा सुमारे ३५० पट संवेदनशील असते, असे त्यात आढळले. अशा डोळ्यांवर प्रखर टॉर्चचा झोत मारणे हा सरळसरळ छळ आहे. शिवाय दिपून थिजलेली पाल पाहून तिच्या वागण्याबद्दल काहीच कळत नाही. म्हणून दिवा मंद आणि शक्यतो लाल ठेवावा, झोत बाजूला पाडावा, फ्लॅश टाळावा. झोतात हिरवट चमकणारे ठिपके बहुधा कोळ्यांचे डोळे असतात. पाल शोधायची ती तिच्या आकारावरून.

मुंबईच्या रानातली सर्वांत देखणी पाल म्हणजे ठिपक्यांची मोठी खडकपाल (हेमिडॅक्टायलस मॅक्युलेटस), शेपटीसह वीतभर किंवा त्याहून लांब. द्युमेरिल आणि बिब्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८३६ मध्ये तिचे वर्णन केले. दिवसभर ती कातळाच्या भेगेत असते. अंधार पडला की आधी नुसते डोके बाहेर येते. गळ्याची त्वचा धपापत असते, बाकी सगळे स्तब्ध. पतंग जवळ बसला तर शेपटीचे टोक हलू लागते आणि मग एकच झेप. झाडांच्या खोडांवर सालीच्या रंगात मिसळून गेलेली सालपाल (हेमिडॅक्टायलस लेशेनॉल्टी) दिसते. तिला शोधायला नजर तयार व्हावी लागते.

नवख्याने सुरुवात चाळीच्या गॅलरीतल्या ट्यूबलाइटखाली करावी. जागेवरचा हक्क, चुकचुकणे, एकमेकींना हुसकावणे हे सगळे तिथेही दिसते. पण दिव्याखाली आयते किडे मिळणाऱ्या पालीवरून रानातल्या पालीचे अनुमान काढू नये.

वहीत वेळ, तापमान, पाऊस, पृष्ठभाग, जमिनीपासूनची उंची, डोक्याची दिशा आणि भक्ष्य लिहावे. दगड उलथू नयेत. फटींमध्ये कडक कवचाची अंडी चिकटवलेली असू शकतात. पालीला हातही लावू नये; घाबरून तोडलेल्या शेपटीबरोबर तिची साठवलेली चरबीही जाते.

निमास्पिस वंशातल्या बऱ्याच पाली दिवसा वावरतात, त्यामुळे रात्री पानावर निपचित दिसलेली पाल झोपलेली असू शकते. राष्ट्रीय उद्यानात रात्री वनविभागाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. या भागात बिबट्यांचा वावर असल्याने आरेतही एकट्याने फिरू नये, आणि सापांसाठी पायात गमबूट असावेत.