सेंट थॉमसहून बोटीने निघताय? आधी व्हिसाचा शिक्का बघा

मंडळी, आम्ही इथे बोटीच्या ट्रिप काढतो आणि दर सीझनला तोच प्रश्न, "बोट प्रायव्हेट घेतलीय ना, मग पासपोर्ट-बिसपोर्ट कशाला?" म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

कॅरिबियनमधल्या व्हर्जिन आयलंड्सपैकी सेंट थॉमस, सेंट जॉन ही बेटं अमेरिकेची, १९१७ मध्ये डेन्मार्ककडून विकत घेतलेली. जॉस्ट व्हॅन डाइक, टोर्टोला, व्हर्जिन गोर्डा ब्रिटिशांची. सेंट जॉनवरून टोर्टोलावरची घरं दिसतात इतकं जवळ, पण मध्ये बॉर्डर आहे. पलीकडे गेलं की पिवळा झेंडा चढतो, कॅप्टन सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन कस्टम्सला जातो आणि तोवर बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचं, पाणी कितीही निळं दिसलं तरी.

खरा घोळ परतताना होतो. एच-वन-बीवाल्यांनी, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी, नीट वाचा. एक्स्टेंशन झालंय, आय-७९७ (मंजुरीचा कागद) हातात आहे, जॉब चालू आहे, सगळं लीगल, पण पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का कधीच संपलाय. न्यू जर्सीहून इथे येताना डोमेस्टिक फ्लाइट, त्यामुळे कोणी विचारत नाही आणि वाटतं चाललं की. पण ब्रिटिश बेटावर जाऊन आलात की तुम्ही अमेरिकेत नव्याने शिरताय, तेव्हा शिक्का लागतोच. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या ट्रिपवरून संपलेल्या शिक्क्यावर परतायची जी सवलत मिळते ती एच-वन-बीला इथे नाही.

मागच्या फेब्रुवारीत सेंट थॉमसच्या रेड हुक धक्क्यावर आठ जण, कूलर भरलेला, बाकरवडीचा पुडा फुटलेला, आणि जावईबापूंचा शिक्का संपलेला निघाला. रूट नव्याने आखण्यात अख्खी दुपार गेली, बायको संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही ते वेगळंच.

म्हणून आम्ही ॲडव्हान्स घेण्याआधीच प्रत्येकाच्या व्हिसाच्या पानाचा फोटो मागतो. काहींना खटकतं, "बाकीचे नाही मागत" म्हणतात. मागू देत नाहीतर नको, आम्ही मागणार.

आणि शिक्का नसेल तर ट्रिप कॅन्सल करू नका हो. सेंट जॉनचा जवळपास दोन तृतीयांश भाग नॅशनल पार्क आहे, माहो बे या खाडीत कासवं अगदी बोटीखालून जातात, वॉटरलेमन के या छोट्या बेटाजवळ स्नॉर्केलिंग, चार-पाच दिवस सहज निघतात आणि बॉर्डर ओलांडावीच लागत नाही. पोहे, खिचडी, कोकम सरबत बोटीवर असतंच. फक्त पासपोर्ट आणि आय-७९७ घरी ठेवून येऊ नका, घरी परतताना सेंट थॉमसच्या एअरपोर्टवर विमानात बसण्याआधी ते बघतात.