गालिचा उलटा करून पाहा

तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून आम्ही 'अस्सल काश्मिरी, प्युअर सिल्क' गालिचा घेतला. घरी आल्यावर आईने, आयुष्यभर साड्या पारखलेल्या हाताने, त्याचा एक दोरा उपसला आणि काडी लावली. कागद जळल्यासारखा वास आला, मऊ करडी राख उरली. "रेशीम नाही हे," एवढंच म्हणून ती चहा टाकायला उठली.

आईची ही परीक्षा रसायनशास्त्राला धरूनच होती. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं. ती जळताना केस जळाल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती विझतात आणि बोटाने चुरडता येईल अशी काळी गोळी उरते. कागदासारखा जळतो तो व्हिस्कोस, लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेशमासारखा चकचकीत धागा. तो म्हणजे सेल्युलोज, कागदाचाच भाऊबंद. 'बांबू सिल्क' नावाने विकतात तेही बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं.

मग आम्ही गालिचा उलटा केला. खरं तर हे दुकानातच करायला हवं होतं. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर पुढची नक्षी जवळजवळ तशीच दिसते, कारण प्रत्येक गाठ ताण्याला, म्हणजे मागावर उभ्या ताणलेल्या धाग्यांना, मागूनही वेढा घालते. दोन्ही टोकांच्या झालरीही वेगळ्या लावलेल्या नसतात. ताण्याचेच धागे बाहेर आलेले असतात. आमच्या गालिच्याच्या पाठीला कापड चिकटवलेलं होतं आणि झालर मशीनने शिवलेली. म्हणजे हा टफ्टेड माल. यात कापडावर यंत्राच्या पिस्तुलाने दोरे टोचतात आणि ते सुटू नयेत म्हणून मागून लेटेक्सचा थर देतात. गाठ एकही नसते.

गाठींचे मुख्य प्रकार दोन. तुर्की गाठीत दोरा शेजारच्या दोन्ही ताण्यांना वेढतो आणि त्याची दोन्ही टोकं मधून वर येतात. फारसी गाठीत तो एकाच ताण्याला पूर्ण वेढतो, दुसऱ्याच्या नुसता मागून जातो. फारसी गाठीला 'सेन्ना' म्हणतात. सेन्ना हे इराणमधल्या सनंदज शहराचं जुनं नाव, आणि गंमत अशी की त्या गावचे गालिचे तुर्की गाठीने विणतात! तेव्हा नुसत्या गाठीवरून गाव ओळखायला जाऊ नये. सायबेरियाच्या अल्ताई पर्वतात 1949 साली एका थडग्यातल्या बर्फात जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचा पाझिरिक गालिचा सापडला. त्याच्याही गाठी तुर्की पद्धतीच्याच. नक्षी तर त्याहून फिरस्ती. काश्मीरचे विणकर काशान, किरमान अशा इराणी गावांच्या नावांचे नमुने पिढ्यान्‌पिढ्या विणतात. ब्रिटिश काळात आपल्या येरवड्याच्या तुरुंगातले कैदीही गाठींचे गालिचे विणत.

मग काश्मीरचं स्वतःचं काय? माझं उत्तर: तालीम.

तालीम ही गालिच्याची लिपी. नक्काश चौकटीच्या कागदावर चित्र काढतो, तालीम लिहिणारा त्याच्या एकेक ओळीची चिन्हं करतो. रंग कोणता आणि त्या रंगाच्या सलग गाठी किती, एवढंच त्यात असतं. लाल 5, निळा 2, पुन्हा लाल 9. ही चिन्हांची कागदी पट्टी मागावर डोळ्यांसमोर असते. मोठ्या मागावर एक जण ती सुरात वाचतो आणि बाकीचे ऐकून गाठी मारतात. पूर्ण चित्र विणकराने पाहिलेलं असेलच असं नाही. संगणकवाल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. सारख्या ठिपक्यांची रांग ठिपका-ठिपका न लिहिता 'अमुक रंग, इतके वेळा' अशी लिहायची. फॅक्स यंत्रं पान असंच आवळून पाठवायची. शालींच्या मागावरून ही लिपी गालिच्याकडे आली. आता संगणकही तालीम लिहून देतो, पण गाठ बोटांनाच मारावी लागते.

किती गाठी? चौरस इंचात 18 गुणिले 18, म्हणजे 324 गाठींचा सहा फूट बाय चार फूट गालिचा घ्या. 3,456 चौरस इंच, एकूण 11,19,744 गाठी. दिवसाला 6,000 गाठी धरल्या तरी एका माणसाचे 187 दिवस, तेही एकही सुट्टी न घेता. आम्ही दिलेल्या पैशांना त्या दिवसांनी भागून पाहिलं असतं तरी संशय आला असता.

काश्मीरच्या हातगाठी गालिच्यांना भौगोलिक मानांकन आहे. उत्तर प्रदेशातल्या भदोहीलाही 2010 पासून आहे. हा कायदा नाव राखतो, कसब नाही. तीच गाठ, तीच नक्षी दुसरीकडे कुणीही विणावी, फक्त तिला काश्मिरी म्हणू नये. 2022 पासून काश्मिरी गालिच्यांना क्यूआर कोडचं लेबल मिळू लागलं. माल तपासून ते लावतात. मोबाइल धरला की गालिचा कुणी आणि कुठे विणला ते कळतं. सोय चांगली आहे. तरी मला अडचण दिसते ती अशी की लेबल उसवून दुसऱ्या गालिच्याला शिवता येतं. म्हणून कोडमधलं वर्णन समोरच्या मालाशी ताडून पाहावं: माप तेच का, धागा तोच का, इंचात गाठी तेवढ्याच का. पाठीवर पट्टी ठेवून एका इंचातल्या गाठी आडव्या आणि उभ्या मोजायच्या, गुणाकार करायचा. भिंग असलं तर बरं.

आमचा गालिचा अजून हॉलमध्येच आहे. लेटेक्स हवेने कडक होऊन भुगा व्हायला लागलंय. त्यात भर म्हणून खडूची पूड घालतात, त्यामुळे गालिचा उचलला की फरशीवर त्याच्याच मापाचा पांढरा चौकोन दिसतो. आई तो रोज पुसते आणि माझ्याकडे बघते.