मामांचा ट्रॅकपॅड दुपारीच का अडखळतो?

महाद्वार रोडच्या एका बोळात माझ्या मामांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. तुळशीचं लग्न झालं की त्यांना मान वर करायलाही सवड नसते. दिवसभर माऊस धरून मनगट धरायला लागलं, म्हणून यंदा दिवाळीत मी त्यांना बिनतारी ट्रॅकपॅड, म्हणजे माऊसऐवजी बोट फिरवून पडद्यावरचा बाण (कर्सर) हलवायची सपाट पाटी दिली. चार दिवसांनी फोन आला. "आरं, सकाळी बरा चालतोय, दुपारी बाण मध्येच थांबतोय आणि मग उडीच मारतोय. आणि दोन बोटांनी पान सरकतंय म्हणालास, ते तर कधीच हुईना."

या दोन तक्रारी एका दमात आल्या, तरी त्या वेगळ्या आहेत. एक ठरावीक वेळेला होते, दुसरी कायमच. एकाच दुखण्याची दोन लक्षणं अशी वागत नाहीत.

दुकानात जाऊन आधी सेल बदलले. फरक नाही. मग ट्रॅकपॅडचा रिसीव्हर, म्हणजे यूएसबीत खोचायचा तो नखाएवढा तुकडा, माझ्या नव्या लॅपटॉपला लावला. एक बोट, दोन बोटं, सगळं लोण्यासारखं चाललं. म्हणजे ट्रॅकपॅड धडधाकट होता. त्याच्या पृष्ठभागाखाली विद्युतवाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, किंचित बदलते, आणि त्यावरून आतली चिप बोटांच्या जागा काढते. हे मोजमाप ट्रॅकपॅडमध्येच पुरं होतं. बिघाड होता तो पुढच्या प्रवासात, ट्रॅकपॅड आणि मामांच्या जुन्या लॅपटॉपच्या मधे.

आधी दुपारचं कोडं. शेजारच्या दुकानातल्या वायफायवर माझा संशय होता, कारण वायफाय, ब्लूटूथ आणि असे रिसीव्हर सगळे रेडिओ लहरींच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या एकाच पट्ट्यात बोलतात. पण शेजाऱ्यांनी वायफाय बंद केलं तरी कर्सर उड्या मारतच होता. मग मी गप्प बसून मामांचं काम पाहत राहिलो. दुपारी ते दिवसभरातली डिझाइन बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून ठेवतात. डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला आणि त्याच क्षणी कर्सर थबकला. डिस्क निळ्या यूएसबीत होती, आणि तिला खेटून शेजारच्या भोकात रिसीव्हर.

निळं यूएसबी म्हणजे सहसा यूएसबी 3.0. त्यातून सेकंदाला 5 अब्ज बिट धावतात. एक-शून्य, एक-शून्य अशी आळीपाळीने ओळ लागली, तर दोन बिटांत विजेचं एक पूर्ण आवर्तन होतं. म्हणजे सेकंदाला 2.5 अब्ज आवर्तनं, 2.5 गिगाहर्ट्झ. आपल्या रिसीव्हरचं घर अगदी शेजारी! खरी माहिती काही अशी शिस्तीत आळीपाळीने येत नाही, त्यामुळे भोकातून आणि केबलमधून बाहेर झिरपणारा हा रेडिओ लहरींचा गोंगाट 2.5 गिगाहर्ट्झलाच न राहता आजूबाजूच्या लहरींतही पसरतो. इंटेलने 2012 मध्ये याची मोजणी प्रसिद्ध केली होती. यूएसबी 3.0 ची डिस्क जोडल्यावर 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट जवळजवळ 20 डेसिबलने वाढला होता. 20 डेसिबल म्हणजे 100 पट.

मला यातली पुढची गोष्ट फार मोलाची वाटते. क्लासिक ब्लूटूथ सेकंदाला 1600 वेळा वाहिनी, म्हणजे पट्ट्यातली बोलायची जागा, बदलतं आणि 79 वाहिन्यांपैकी वायफायने अडवलेल्या टाळूही शकतं. पण गोंगाट सगळ्याच पट्ट्यात पसरला, तर पळून जाणार कुठे? जोतिबाच्या यात्रेत ढोल-ताशाच्या मधोमध उभं राहून कुजबुज ऐकायची असेल, तर भाषा बदलून भागत नाही, ढोलापासून लांब जावं लागतं.

तसंच केलं. राजारामपुरीतून मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल आणली आणि रिसीव्हर डिस्कपासून लांब, ट्रॅकपॅडच्या शेजारी नेऊन ठेवला. डिस्क चालू असतानाही कर्सर सरळ धावायला लागला. केबल नसती तर डिस्क यूएसबी 2.0 च्या भोकात लावूनही हा गोंगाट टळला असता, फक्त फायली सावकाश उतरल्या असत्या.

राहिली दोन बोटं. मामांच्या लॅपटॉपवर विंडोज 7 आहे. असे ट्रॅकपॅड सुरुवातीला स्वतःची ओळख साधा माऊस म्हणून करून देतात: इतकं सरकलो, हे बटण दाबलं. "मला सगळी बोटं कळतात, एकेकाची जागा सांग" असा निरोप संगणकाकडून आला, तरच ते पुढचं बोलतात. हा निरोप द्यायची सोय विंडोजमध्ये 2013 च्या 8.1 आवृत्तीपासून आली. विंडोज 7 तो निरोप देतच नाही, म्हणून ट्रॅकपॅडला पाच बोटं जाणवली तरी तो माऊसएवढंच सांगत राहतो. कंपनीचं जुन्या विंडोजसाठी वेगळं ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ट्रॅकपॅडशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर, असतं तर काम झालं असतं. या ट्रॅकपॅडसाठी ते नाही.

नवं विंडोज टाकू या, असं मी म्हणालो. मामांनी पडद्यावरची पत्रिका दाखवली. वीस वर्षांची डिझाइन जुन्या फॉन्टमध्ये आहेत, आणि ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. आता मामांचा उजवा हात ट्रॅकपॅडवर असतो आणि डावा पेज डाऊनच्या बटणावर. मनगट मात्र दुखायचं थांबलंय.