ईमॅक्समधील मेल-फोल्डर

ईमॅक्समधील मेल-फोल्डर : ईमॅक्स या मजकूर-संपादकात राहूनच ईमेल वाचता, लिहिता आणि साठवता येतो. त्यासाठीच्या प्रोग्रॅमांत पत्रांचे कप्पे पाडणे, त्यांना नावे देणे, क्रम लावणे आणि हा सगळा पसारा आपल्या हाताला बसेल असा वळवून घेणे, यांचा विचार या नोंदीत केला आहे. ईमॅक्सचा उगम १९७६ मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात झाला. रिचर्ड स्टॉलमन यांचे ग्नू ईमॅक्स १९८५ मध्ये आले. मेल वाचणारा एकच अधिकृत प्रोग्रॅम ईमॅक्सला कधीच नव्हता. आरमेल, एमएच-ई, व्हीएम, ग्नस, वाँडरलस्ट, नॉटमच आणि एमयू-फोर-ई ही त्यांतली ठळक नावे. प्रत्येकाची ‘फोल्डर’ या शब्दाची समजूत निराळी आहे आणि नवख्याची निम्मी गोची तिथेच होते.

ठाणे आणि नवी मुंबईत ईमॅक्स वापरणारे फार नाहीत, पण आहेत. महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतले काही जुने प्रोग्रॅमर, घरून काम करणारे अनुवादक, आणि दिवसभर कळफलकावरच असल्याने माउसला हात लावायचा कंटाळा असलेले इतर. खालील विवेचनात उदाहरण म्हणून वाशीतल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवाची मेलपेटी धरली आहे. सोसायटीच्या सचिवाइतका निरनिराळ्या जातीचा मेल क्वचितच कुणाला येत असेल: मेंटेनन्सच्या पावत्या, वरच्या मजल्यावरची गळती, लिफ्टवाल्याचे कोटेशन, भाडेकऱ्यासाठी ना हरकत दाखला, पार्किंगचे भांडण, पुनर्विकासाचे प्रस्ताव.

कप्पा कुठे असतो

फोल्डर म्हणजे डिस्कवर नेमके काय, याची तीन उत्तरे आहेत. सर्वांत जुने उत्तर एमबॉक्स. यात एक फोल्डर म्हणजे एक लांबलचक फाइल असते, पत्रे एकाखाली एक जोडलेली असतात आणि ‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दाने सुरू होणारी ओळ पुढचे पत्र आल्याची खूण मानली जाते. पत्राच्या मजकुरातच कुणी एखादी ओळ त्या शब्दाने सुरू केली, तर घोटाळा नको म्हणून तिच्या आधी > हे चिन्ह चिकटवले जाते. (निव्वळ मराठीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला हा डाग येत नाही.) आरमेल २००९ सालच्या ईमॅक्स २३ पासून हाच साचा वापरतो. त्याआधी त्याचा स्वतःचा बॅबिल नावाचा साचा होता.

दुसरे उत्तर एमएच पद्धतीचे: फोल्डर म्हणजे डिरेक्टरी, पत्र म्हणजे तिच्यातली एक फाइल, आणि फाइलचे नाव म्हणजे नुसता आकडा. तिसरे उत्तर मेलडिर, जे डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या क्यूमेल या टपाल-सर्व्हरसाठी १९९५ च्या सुमारास मांडले. यातही पत्रागणिक एक फाइल असते, पण प्रत्येक फोल्डरमध्ये तीन उपडिरेक्टऱ्या असतात: अर्धवट उतरलेल्या पत्रांची, नव्या पत्रांची आणि पाहून झालेल्यांची. पत्र वाचले, उत्तर दिले, तारा लावला, ही माहिती फाइलच्या नावाच्या शेपटीला अक्षरांत लिहिलेली असते. त्या शेपटीआधी कोलन असतो आणि विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ऑफिसांत विंडोजचा सुळसुळाट असल्याने तिथे मेलडिर वापरायचे तर कोलनच्या जागी दुसरे चिन्ह ठरवून द्यावे लागते.

चौथे उत्तर डिस्कवर नसतेच. फोल्डर म्हणजे साठवून ठेवलेला एक शोध, असे ते उत्तर आहे. २००९ मध्ये कार्ल वर्थ यांनी सुरू केलेला नॉटमच जवळजवळ संपूर्ण याच कल्पनेवर उभा आहे. तिथे पत्र कुठेही असो, त्याला खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि चिठ्ठीवरून यादी मागवायची. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर खरे फोल्डर पाच-सातच्या वर नेऊ नयेत, बाकीचे सगळे शोधावर सोडावे. पण हे मत असलेल्या माणसाकडेही एकेकाळी ४३ फोल्डर होते.

यादीची फाइल

फोल्डरांची मांडणी साध्या मजकुरात लिहायची सोय वाँडरलस्टइतकी कुठेच नीट नाही. जपानमधल्या युइची तेरानिशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या या प्रोग्रॅमात घरच्या डिरेक्टरीत एक फाइल असते. तिच्यात ओळीगणिक एक फोल्डर लिहायचा. पडद्यावर यादी त्याच क्रमाने दिसते. ओळीचे पहिले चिन्ह फोल्डरची जात सांगते: % म्हणजे सर्व्हरवरचा आयमॅप फोल्डर (आयमॅप ही मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत), + म्हणजे आपल्या डिस्कवरचा एमएच फोल्डर, टिंब म्हणजे मेलडिर, & म्हणजे पॉप (मेल सर्व्हरवरून उतरवून घ्यायची पद्धत), आणि * म्हणजे अनेक फोल्डर एकत्र करून दाखवणारा जोडफोल्डर. आपल्या सचिवाच्या फाइलचा एक तुकडा असा दिसेल:

सोसायटी{
  +पावत्या "मेंटेनन्स"
  +गळती "गळती आणि प्लंबर"
  +सभा "वार्षिक सभा"
  *+पावत्या,+गळती "रोजचे"
}

अवतरणातले नाव हे लाडके नाव. यादीत तेच दिसते, डिस्कवरचे नाव मागे राहते. महिरपी कंसाने झालेला गट उघडता-मिटता येतो. सभेचा वेगळा गट केला असेल तर तो एप्रिलमध्ये मिटवून ठेवावा आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडावा, कारण वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि त्या दोन महिन्यांत मेलचा पूर येतो. यादीतल्या नावापुढे नवे, न वाचलेले आणि एकूण असे तीन आकडे असतात. क्रम बदलायचा तर फाइल उघडून ओळ वर-खाली करा, नाहीतर यादीतच ओळ कापून दुसरीकडे चिकटवा.

वाँडरलस्टचा गाळणी-फोल्डर तर फारच उपयोगी. दोन तिरप्या रेघांमध्ये अट लिहायची, पुढे मूळ फोल्डर. ‘इनबॉक्समधले शेवटचे २०’ किंवा ‘अमुक पत्त्यावरून आलेले’ असा फोल्डर एका ओळीत तयार होतो. त्यासाठी एकही पत्र हलवावे लागत नाही, आणि ओळ पुसली की फोल्डर गेला, पत्रे जिथल्या तिथे.

ग्नसची उतरंड

ग्नस मुळात यूजनेटच्या, म्हणजे चर्चागटांच्या जुन्या जाळ्यावरच्या, बातम्या वाचायला लिहिला गेला. मूळ प्रोग्रॅम मासानोबू उमेदा यांचा. लार्स माग्ने इंगेब्रिग्त्सेन यांनी तो १९९० च्या दशकात नव्याने लिहिला. बातमीपत्राचा तो वारसा फोल्डरांतही उतरला आहे. ग्नस फोल्डरला ‘गट’ म्हणतो आणि ज्यात वाचायचे काही उरले नाही तो गट यादीतून चक्क गायब करतो. नवा माणूस इथे हमखास घाबरतो की मेल गेला कुठे. मोठा ‘एल’ दाबला की सगळे गट पुन्हा दिसतात.

प्रत्येक गटाला १ ते ९ अशी पातळी असते. १ ते ५ नोंदणी केलेले, ६ आणि ७ नोंदणी काढलेले, ८ अर्धमेले आणि ९ पुरते मेलेले. ‘जी’ दाबल्यावर नवा मेल येतो, पण आधी ३ दाबून मग ‘जी’ दाबले तर तिसऱ्या पातळीपर्यंतचेच गट तपासले जातात. सचिवाने गळती १ वर, पावत्या २ वर आणि बिल्डरांचे पुनर्विकासाचे प्रस्ताव ५ वर ठेवले, की सकाळचा चहा शांतपणे होतो. विषय-व्यवस्था चालू केली तर गट विषयांखाली झाडासारखे लावता येतात.

येणारा मेल गटांत आपोआप वाटायचे नियम म्हणजे नाव आणि त्यापुढे ओळखायचा साचा, अशा जोड्या. शेवटची जोडी रिकाम्या साच्याची ठेवायची, म्हणजे कशातच न बसलेले पत्र तिथे पडते. मराठी विषयाचा मेल जाताना सांकेतिक अक्षरांत बांधलेला असतो, त्यामुळे कच्च्या मजकुरावर चालणाऱ्या जुन्या गाळणीला ‘गळती’ हा शब्द कधीच सापडत नाही. ग्नस वाटपाआधी मथळे उलगडून घेतो, म्हणून तिथे मराठी शब्दावर नियम चालतो. तरीही पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर नियम बांधणे जास्त भरवशाचे, कारण विषयात लोक काहीही लिहितात. ‘अर्जंट’ हा सोसायटीतला सर्वांत लोकप्रिय विषय आहे.

ग्नसमध्ये पत्रांना मुदतही देता येते. मुदतीची खूण असलेले पत्र ठरावीक दिवसांनी पुसले जाते आणि न सांगितल्यास हे दिवस सात असतात. गटाला ‘सर्व-मुदत’ हा गुण लावला तर वाचलेले प्रत्येक पत्र या नियमाखाली येते. टिकची खूण केलेली पत्रे तेवढी बचावतात. जाहिरातींच्या गटाला हा गुण जरूर लावावा. पावत्यांच्या गटाला चुकूनही लावू नये. मधला मार्ग असा की मुदत संपलेले पत्र पुसण्याऐवजी दुसऱ्या गटात, म्हणजे जुन्या दप्तरात, हलवायला सांगायचे.

एमयू-फोर-ई आणि हलवाहलव

डर्क-यान बिनेमा यांचा एमयू-फोर-ई मेलडिरवर चालतो. एमबीसिंक किंवा ऑफलाइनआयमॅप सर्व्हरवरचा मेल डिस्कवर उतरवतो, एमयू-फोर-ईच्या मागचा एमयू हा प्रोग्रॅम त्याची झॅपियन या शोधयंत्रात सूची करतो आणि ईमॅक्समध्ये ती दिसते. इथे पत्र लगेच हलत नाही. आधी खूण करायची: ‘आर’ म्हणजे दप्तरी दाखल, ‘एम’ म्हणजे दुसरीकडे हलवा, ‘डी’ म्हणजे कचरा. मग ‘एक्स’ दाबले की सगळ्या खुणा एकदम अमलात येतात. दप्तराचा फोल्डर म्हणून नुसते नाव देता येते किंवा छोटे फलन, म्हणजे प्रोग्रॅमचा तुकडा, लिहिता येते, जे पत्राची तारीख पाहून त्याला त्या-त्या वर्षाच्या फोल्डरात पाठवते. नेहमीच्या फोल्डरांना एकेक अक्षर नेमून दिले की ‘जे’ आणि ते अक्षर एवढ्यावर तिथे उडी मारता येते. एखादा फोल्डर सूचीत नकोच असेल तर त्याच्या डिरेक्टरीत ठरलेल्या नावाची रिकामी फाइल ठेवायची, की एमयू तिकडे फिरकत नाही.

यातला प्रसिद्ध खड्डा सांगायलाच हवा. एमबीसिंक प्रत्येक फाइलच्या नावात त्या फोल्डरपुरता एक क्रमांक लिहितो. एमयू-फोर-ई पत्र हलवताना फाइलचे नाव तसेच ठेवतो, म्हणजे तो क्रमांकही नव्या फोल्डरात जातो. तिथे त्याच क्रमांकाचे पत्र आधीच असले तर एमबीसिंक ‘क्रमांक दोनदा आला’ असे म्हणून ठप्प होतो. पावसाळ्यातला एक अख्खा रविवार, ठाण्याच्या नौपाड्यातल्या खिडकीशी बसून, प्रस्तुत लेखकाने या एका ओळीच्या तक्रारीपायी घालवला. उपायही एकाच ओळीचा आहे: हलवताना फाइलचे नाव बदलावे, हा पर्याय सेटिंगमध्ये चालू करणे.

ठाणे-वाशी गाडीत मात्र ही पद्धत शोभून दिसते. २००४ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर नेट अधूनमधून दगा देते, पण मेल आधीच डिस्कवर उतरलेला असल्याने रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत खुणा होत राहतात. उत्तरे रांगेत ठेवायची आणि वाशीला उतरून जोडणी मिळाली की सगळे एकदम रवाना करायचे.

ऑफिसच्या खात्याचे गणित वेगळे. अनेक कंपन्या आयमॅप बंद ठेवतात. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्स्चेंज ऑनलाइन सेवेत ऑक्टोबर २०२२ पासून नुसत्या पासवर्डने जोडणी देणे बंद करत आणले, त्यामुळे ओऑथ (पासवर्डऐवजी परवानगीची किल्ली मिळवण्याची पद्धत) हा लांबचा रस्ता धरावा लागतो. जीमेलमध्ये फोल्डर नसून लेबले असतात. आयमॅपमधून ती फोल्डरांसारखी दिसतात आणि एकच पत्र ‘सर्व मेल’सकट दोन-तीन ठिकाणी उतरते.

मराठी नावे

आयमॅपच्या जुन्या नियमांत फोल्डरचे नाव देवनागरीत जसेच्या तसे जात नाही. ते & ने सुरू होणाऱ्या आणि आडव्या रेघेने संपणाऱ्या रोमन अक्षरांच्या माळेत बांधले जाते. २०२१ च्या आयमॅप-आवृत्तीने यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या संकेतपद्धतीला जागा दिली, पण जुने सर्व्हर भरपूर आहेत आणि डिरेक्टरीच्या यादीत अशी माळ दिसली तर तो व्हायरस नव्हे, आपलाच ‘घर’ नावाचा फोल्डर असू शकतो. पडद्यावरची जोडाक्षरे २०२० च्या ईमॅक्स २७ पासून हार्फबझ हे साधन जुळवते, तरी टर्मिनल या निव्वळ मजकुराच्या खिडकीत ती अजून फुटतात आणि रकाने थोडे सरकतात. ‘ठाणे’ या दोन अक्षरांच्या शब्दात संगणक चार चिन्हे मोजतो.

सर्वांत छळणारे अक्षर म्हणजे ऱ. ‘भाडेकऱ्यांची पत्रे’ हे नाव निदान तीन प्रकारे टंकता येते: नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आत मुरलेल्या ऱ ने, साध्या र ला वेगळा नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती तीन वेगळी नावे वाटतात. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था पहिला प्रकार फोडून दुसरा करून ठेवते. त्यामुळे घरच्या मॅकवर बनवलेला फोल्डर ऑफिसच्या लिनक्सवर आला की दोन जुळे फोल्डर दिसू लागतात, एकात मार्चपर्यंतची पत्रे आणि दुसऱ्यात त्यानंतरची. मग कुठल्या अक्षरामागे कुठले चिन्ह आहे हे ईमॅक्सलाच विचारायचे (कर्सर अक्षरावर ठेवून कंट्रोल-एक्स आणि बरोबरचे चिन्ह), एक नाव ठरवायचे आणि दोन्हीकडची पत्रे त्यात ओतायची. आपल्या सचिवाने असे दोनदा केले आणि तिसऱ्यांदा फोल्डरचे नावच ‘भाडेकरू’ ठेवले.